आमच्याकडे कुणी गेलेलं नाही

सुपरमार्केटात ते दिवे परत आले आहेत. ऑक्टोबर संपत आला की मसाल्याच्या बिस्किटांच्या शेजारी, खालच्या फळीवर, लाल प्लास्टिकच्या नळकांड्यांची रांग लागते. वर सोनेरी पत्र्याचं झाकण, झाकणाला भोकं, आत पांढरं मेण. वाऱ्यानं विझत नाहीत, पावसात तगतात, दोन-दोन दिवस जळतात. दिसायला इतके देखणे की भारतातून नवीन आलेल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. आमच्या जर्मनीतल्या येना गावच्या मराठी मंडळींपैकी निम्म्यांनी पहिल्या वर्षी ते दिवाळीचे म्हणून घरी आणलेले आहेत. मग कुणीतरी हळूच सांगतं, अहो, हे थडग्यावर लावायचे दिवे आहेत. इथे नोव्हेंबर हा गेलेल्यांचा महिना. लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडून घेतात, हेदर या जांभळ्या रानफुलाची कुंडी ठेवतात आणि हा लाल दिवा लावून घरी येतात.

आज मी त्या फळीसमोर ट्रॉली लावून उभी राहिले. मागच्या बाईंनी दोनदा "एन्टशुल्डिगुंग", माफ करा, म्हटलं, तेव्हा कुठे सरकले.

येना डोंगरांच्या कुशीतलं गाव आहे. या दिवसांत धुकं एकदा खाली उतरलं की आठ-आठ दिवस मुक्काम ठोकतं. साडेचारला दिवस आटोपतो. ओल्या पानांचा वास जिन्यापर्यंत येतो, कोट कितीही वाळत घातला तरी दमटच राहतो. मी इथे तेरा वर्षं आहे, भिंगांच्या कारखान्यात काचेतले दोष शोधायचं काम करते. केसाहून बारीक ओरखडा मला दिसतो आणि त्या कामाचा मला थोडा गर्वही आहे. घरात मात्र माझी नजर कशी होती, ते पुढे येईलच.

अण्णा इथे आले तो नोव्हेंबर मला दरवर्षी या फळीपाशी भेटतो. अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेला त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. आई जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. तीन महिन्यांच्या व्हिसावर मी त्यांना बोलावून घेतलं, ते मुख्यतः माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. ते खिडकीशी बसून धुक्याकडे बघत. हातांना काम नसलं की त्यांचा अंगठा पहिल्या बोटावर फिरत राही, अदृश्य दोरा ओवल्यासारखा. "इथं सूर्य कधी उगवतोय गं?" असं एकदा त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मार्चमध्ये." मला वाटलं, मी विनोद केला. ते हसले नाहीत.

वरच्या मजल्यावर फ्राउ होफमान नावाच्या बाई राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, जिना चढताना प्रत्येक पायरीशी वाद घालणाऱ्या. त्या एकदा आमच्याकडे ठेवलेलं पार्सल न्यायला आल्या. त्यांच्या काळ्या कोटाचं अस्तर खाली लोंबत होतं. अण्णांनी ते पाहिलं आणि त्यांच्यानं राहवेना. खुणेनं कोट मागून घेतला, माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यातून काळा दोरा काढला आणि त्या बाईंना खुर्चीवर बसवून वीस मिनिटांत अस्तर बसवून दिलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. अण्णा मराठीत म्हणाले, "खांदा पण सैल आहे बाई, पण त्याला मशीन पाहिजे." त्या जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. मग दोघांनीही मान हलवली. मी ऑफिसचा ईमेल लिहीत होते.

आता त्या नटाबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी घेतलंच गेलं नाही. अण्णा त्याला "आपला हिरो" म्हणत. काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचा, कपाळ रुंद, हसताना डावी भुवई आधी वर जायची. मारामारी त्याला जमत नसे. पण शर्टाची बाही कोपराच्या जरा खाली दोनदा दुमडून तो दारात उभा राहिला की टॉकीजमधल्या बायका श्वास घ्यायच्या थांबत, असं आई सांगायची. ती स्वतः त्या बायकांतलीच होती.

त्या बाहीवर अण्णांचं दुकान चाललं. गावातली पोरं येऊन म्हणायची, तसली बाही पाहिजे. अण्णा समजावत, अरे ती शिवायची नसते, दुमडायची असते. पण पोरांना दुमडता यायचं नाही, तासाभरात घसरून मनगटावर यायची. तेव्हा अण्णांनी एक सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला, गोष्टीसाठी नव्हे, बाहीसाठी. मग बाही मुळातच आखूड बेतून, घडी घालून, आतून न दिसणारा टाका मारून पक्की करायची युक्ती काढली. तो शर्ट घालून ते आईला बघायला गेले. आईला सगळे ठरलेले प्रश्न विचारून झाले. तुला काही विचारायचंय का, असं कुणीतरी म्हटलं, तर तिनं मान वर करून एकच विचारलं, "ही बाही कुणी शिवली?" अण्णा म्हणाले, "मीच." लग्न ठरलं.

हे आई इतक्या वेळा सांगायची की मी वैतागायचे. तिच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून त्याचे फोटो डकवलेले होते, वर्तमानपत्रातून कापलेले. पुढे तो म्हातारा झाला, टोप घालून टीव्हीवर मुलाखती द्यायला लागला, तर आई म्हणायची, "बंद कर गं ते, बघवत नाही." अण्णा मुद्दाम आवाज मोठा करायचे. "बघ की, बघ. तुझा हिरो बघ. माझे केस तरी खरे आहेत." आई उशी फेकून मारायची.

टाळेबंदीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आई गेली. दवाखान्यात नेली ती परत आली नाही. विमानं बंद होती. माझा भाऊ नाही, बहीण नाही. अण्णा घरात एकटे होते आणि स्वतःही पॉझिटिव्ह होते. आमच्याकडे माणूस गेलं की लोक येतात, दहा-बारा दिवस घराचं दार उघडं असतं. येणारा फारसं बोलत नाही, नुसता शेजारी बसतो. शेजारच्या घरातून पिठलं-भात येतो. त्या उन्हाळ्यात कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. गल्लीतल्या लोकांनी फोन केले. पुढे सगळं उघडलं तेव्हा त्यांनाही वाटलं असणार, आता इतक्या उशिरा काय जायचं, उगाच खपली निघेल. आणि अण्णांनी दुकान उघडलं.

मी? मला तीन दिवसांची रजा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी मी मीटिंगला बसले. आठ महिन्यांनी मिरजेला गेले तेव्हा अण्णा मशीनवर होते. मी चहा केला. आम्ही व्हिसा, गॅस सिलेंडर आणि ईराच्या दातांबद्दल बोललो. ईरा माझी मुलगी. आईबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मला वाटलं, सावरलेत. असं वाटून घेणं मला फार सोयीचं होतं.

तर, ते येनाला आले त्या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी आलं होतं. शनिवारी अण्णा एकटे सुपरमार्केटात जाऊन आले. रस्ता त्यांना पाठ झाला होता. येताना कोटाखाली काहीतरी लपवून आणलं आणि पाच वर्षांच्या ईराला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. रविवारी सकाळी त्यांच्या फोनवर मिरजेहून बातमी आली. आपला हिरो गेला. नव्वदीच्या घरात होता, झोपेत गेला. दिवसभर फोन घणघणत होता. एका युगाचा अस्त, एका पर्वाची अखेर. ज्यांनी त्याचा एकही सिनेमा धड पाहिला नसेल त्यांनीही हात जोडलेली चित्रं पाठवली. मीसुद्धा एक पुढे पाठवलं.

अण्णा जेवले नाहीत. पहाटेची अंघोळ झाली होती तरी परत अंघोळ केली, आणि खिडकीशी जाऊन बसले. संध्याकाळी तीन मराठी कुटुंबं फराळाला यायची होती. माझ्या चकल्या मोडत होत्या, नवरा स्टेशनवर पाहुण्यांना आणायला जायचा होता. मी ताट घेऊन गेले.

"अण्णा, दोन घास खा. सणाच्या दिवशी उपाशी बसू नका."

"नको गं. आज इच्छा नाही."

"एका नटासाठी? तो तुमचा कोण लागत होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोण नाही. ठेव ताट, खातो नंतर." ताट तसंच राहिलं.

आता मला कळतं की तो गेला तेव्हा त्याला पाहून लाजणारी ती मुलगीही गेली, आणि त्या मुलीनं ज्याच्या बाहीकडे पाहिलं तो पोरही. आई गेली तेव्हा अण्णांना रडायला माणूस मिळालं नव्हतं. नट गेला तर अख्खा देश रडत होता, त्यांना वाटलं असेल की या गर्दीत आपलंही खपून जाईल. मी तेवढंही करू दिलं नाही.

चारच्या सुमारास, अंधार पडायला लागला तसं, ते उठले. नातीला दिलेला शब्द होता. बाल्कनीच्या कठड्यावर त्यांनी आठ दिवे एका रांगेत लावले. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते, चिमणीचा पंखा घोंघावत होता. बेल वाजली, दार उघडल्याचा आवाज आला. पाहुणे लवकर आले की काय, असं वाटून मी घड्याळ पाहिलं. मग अण्णांचा आवाज ऐकू आला. "या, बसा." त्यानंतर बराच वेळ त्यांचाच आवाज. मला वाटलं, फोनवर बोलतायत.

बाहेर आले तर सोफ्यावर फ्राउ होफमान बसल्या होत्या. तोच काळा कोट, पायाशी हेदरची कुंडी. आमच्या बाल्कनीतले दिवे त्यांनी वरून पाहिले होते. आठ दिवे म्हणजे मोठाच आघात, असं समजून त्या कोट चढवून खाली आल्या होत्या. त्यांनी अण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. अण्णा मराठीत सांगत होते, हळूहळू, शिंप्यानं माप सांगावं तसं नीट. "...पिशवीत बांधून दिली हो. तोंडसुद्धा बघू दिलं नाही. साडी मी इस्त्री करून नेली होती, तीसुद्धा परत दिली."

मी दारात उभी होते. हाताला पीठ होतं.

मला पाहून फ्राउ होफमान उठल्या. म्हणाल्या, "माइन हेर्त्सलिशेस बाइलाइड." मनापासून सांत्वन करते, असं. मग दिव्यांकडे बोट करून त्यांनी हळूच विचारलं, घरात कोण गेलं?

आणि मी हसले. मोठ्यानं हसले. म्हटलं, नाही हो, गैरसमज झाला! हे आमचे सणाचे दिवे, वडिलांना माहीत नव्हतं. "हिअर इस्ट निमान्ड गेश्टोर्बन." आमच्याकडे कुणी गेलेलं नाही.

त्यांच्या चेहऱ्यावर लाली आली. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत अण्णांकडे पाहिलं. "आख् झो," अस्सं होय, म्हणाल्या आणि माफी मागत निघाल्या. कुंडी विसरल्या की ठेवून गेल्या, माहीत नाही.

"काय सांगितलंस त्यांना?" अण्णांनी विचारलं.

"कुणी गेलेलं नाही, म्हणून सांगितलं. अण्णा, तुम्ही थडग्यावरचे दिवे आणलेत, कळलं का!"

"बरं," ते म्हणाले. बाल्कनीत गेले आणि एकेक झाकण उघडून आठही दिवे विझवले. ईरा जर्मनमध्ये विचारत होती, का विझवता, का? त्यांनी तिला कडेवर घेतलं.

पाहुणे आले तेव्हा मी हा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. पुढच्या दिवाळीतही कुणीतरी म्हणालं, अगं, तो अण्णांच्या दिव्यांचा किस्सा सांग ना. मी सांगितला, फ्राउ होफमानच्या चेहऱ्याची नक्कल करून. माझी नक्कल चांगली जमते. सांगताना एक गोष्ट मी दरवेळी गाळत आले. म्हणायचे, मी बाहेर आले तर अण्णा तिला काहीतरी सांगत होते, काय ते देव जाणे.

मला ऐकू आलं होतं. पिशवी, तोंड, इस्त्री केलेली साडी, सगळं. साडीची गोष्ट मला तोवर माहीतच नव्हती. ते ऐकून पुढे होऊन त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं, तेवढंच करायचं होतं. पण त्या क्षणी मी तिथे बसले असते तर त्या उन्हाळ्यात मी कुठे होते, हेही माझ्यासमोर येऊन बसलं असतं. म्हणून हसले. अडीच वर्षांनी एकच माणूस त्यांच्या दारात सांत्वनाला आलं होतं, आणि त्याला मी हसून वाटेला लावलं.

अण्णा जानेवारीत परत गेले. त्यानंतर वर्षभरानं, दुकानातच, मशीनवर डोकं ठेवून गेले. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. दार उघडं होतं. माणसं येत होती, बसत होती. जुनी गिऱ्हाइकं आली, त्यातला एक म्हातारा ती शिवलेली घडीची बाही घालून आला होता, टाका अजून शाबूत. समोरच्या घरातल्या एक काकू रोज दुपारी यायच्या, तासभर माझ्याशेजारी बसायच्या आणि पदर झटकून उठायच्या. एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवसापासून मी त्यांची वाट बघायला लागले. तेव्हा मला कळलं, अण्णांना काय मिळालं नव्हतं. कपाटाच्या दारावर हिरोचे फोटो अजून डकवलेले होते आणि खालच्या कप्प्यात इस्त्रीची घडी न मोडलेली एक हिरवी साडी होती. ती तिथेच ठेवून मी कपाट बंद केलं.

यंदा दिवाळी लवकर होऊन गेली. मी कुणाला किस्सा सांगितला नाही. आणि मागच्या आठवड्यात खालच्या दाराजवळच्या बेलवरून होफमान हे नाव निघालं. कुणी सांगितलं नव्हतं, पाटीची रिकामी जागा पाहून मी शेजारी चौकशी केली तेव्हा कळलं. त्या दवाखान्यात गेल्या होत्या आणि तिथेच संपल्या. एकाच जिन्यावर राहून मला पत्ता नव्हता.

आज सुपरमार्केटातून मी दिवा घेतला नाही. हेदरची कुंडी घेतली. घरी आले तर वरून सामान हलवल्याचे आवाज येत होते. पिशवी ठेवली, ईराला म्हटलं, वर जाऊन येते. तिनं जर्मनमध्ये विचारलं, कशाला? मी म्हटलं, "बसायला."

वरचं दार उघडंच होतं. फ्राउ होफमानचा मुलगा हाम्बुर्गहून घर रिकामं करायला आला होता. साठीचा असेल, आईसारखाच लांब चेहरा. खोलीभर खोकी, भिंतीवर तसबिरींच्या फिकट चौकटी. मी खाली राहते असं सांगून सांत्वनाचं ते वाक्य म्हटलं, उच्चार नीट आला. तो ओशाळून म्हणाला, तुम्ही कशाला तसदी घेतलीत, इथे बसायला जागासुद्धा नाही. मी म्हटलं, चालेल. एका खुर्चीवरचं खोकं खाली ठेवून बसले. त्याला काय बोलावं सुचेना. मीही बोलले नाही.

मग त्यानं दारामागचा काळा कोट काढला आणि अस्तर उलटं करून मला दाखवलं. "हे तुमच्या वडिलांनी शिवलं, नाही का? आई हा कोट टाकू देत नव्हती. म्हणायची, इतका बारीक टाका आता कुणी घालत नाही."

मी टाक्यांवरून बोट फिरवलं. मला दोष शोधायची सवय आहे, एकही सापडला नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "दर नोव्हेंबरला ती एक गोष्ट सांगायची. खालच्या घरात कुणीतरी गेलं होतं, मी भेटायला गेले, तर मुलगी म्हणाली, कुणी नाही गेलं. आईला ते कधी पटलं नाही. ती म्हणायची, मी त्या माणसाचा हात धरला होता, मला कळतं. शेवटपर्यंत विचारायची, कोण असेल? तुम्हाला विचारायला तिला संकोच वाटायचा." त्यानं अस्तर पुन्हा आत वळवलं. "कोण गेलं होतं?"

"माझी आई," मी म्हटलं.

खाली सामान न्यायला आलेली गाडी हॉर्न देत होती. त्यानं खिडकीकडे पाहिलं, कोट मांडीवर घेतला आणि समोरच्या खोक्यावर बसला.